सकाळी नऊ ते अकराची गर्दी

“नऊशे चौदा,” मी म्हणालो आणि मुद्दाम थांबलो. पुण्याच्या क्लासमध्ये शिकवलं होतं, आकडा सांगून झाला की तीन सेकंद गप्प बसायचं, म्हणजे तो समोरच्याच्या डोक्यात उतरतो.

दस्तगीरचाचा नदाफांच्या डोक्यात काय उतरत होतं ते दिसत नव्हतं. त्यांच्या टोपीवर, भुवयांवर, दाढीवर कापूस बसला होता. पिंजणयंत्र नुकतंच बंद केलेलं, त्यामुळे शेडभर कापूस अजून तरंगत होता आणि माझ्या काळ्या ब्लेझरवर येऊन बसत होता. मार्च महिन्यात सांगलीत ब्लेझर घालणारा बहुधा मी एकटाच असेन.

“नऊशे चौदा काय, साहेब?” चाचांनी विचारलं.

साहेब म्हणायचे ते मला. साठीचा माणूस सव्वीस वर्षांच्या पोराला साहेब म्हणतो याचं मला काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं.

“माणसं, चाचा. दोन महिन्यांत नऊशे चौदा वेळा लोकांनी तुमच्या जाहिरातीवर बोट ठेवलं. क्लिक म्हणतात त्याला.”

“ते कळलं. मग ती गेली कुठं?”

“गेली कुठं म्हणजे?”

“माझ्या दारात तर कुणी आलं न्हाई.”

हा प्रश्न क्लासमध्ये घेतलेला नव्हता.

ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीची. मी सन्मती मगदूम, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला तीनदा बसून उठलेला. माझं नाव ठेवताना घरच्यांनी जरा घाईच केली असं माझं मत आहे. पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केला, सांगलीला परतलो आणि ‘डिजिटल मार्केटिंग तज्ज्ञ’ अशी कार्डं छापून घेतली. पहिलं आणि त्या दिवसापर्यंतचं एकमेव गिऱ्हाईक म्हणजे ‘नदाफ गादी कारखाना’.

काम म्हटलं तर सोपं होतं. मोबाइलवर कुणी ‘गादी’ शोधलं, की पहिल्या दोन-तीन ओळी जाहिरातीच्या असतात. त्या जागांसाठी बोली लावायची. साधारण ज्याची बोली मोठी, त्याचं नाव वर. त्या नावावर कुणी बोट ठेवलं, की प्रत्येक बोटामागे ठरलेले पैसे दुकानदाराचे जातात, नाही ठेवलं तर जात नाहीत. दिवसाची एक मर्यादा घालून द्यायची. ती संपली की नाव दुसऱ्या दिवसापर्यंत गायब. आणि या जाहिरातींच्या खाली ज्या साध्या ओळी असतात, तिथे बोली चालत नाही. तिथे वर चढायचं तर दुकानाचं पान नीट लिहावं लागतं. ते मी फारच नीट लिहिलं होतं. ‘सांगलीतील सर्वोत्तम कापसाची गादी’ हे शब्द त्यात एक्केचाळीस वेळा आले होते.

“आमच्या हिनं ते पान वाचून बघितलं,” चाचा म्हणाले. “म्हणाली, तसबीहचे मणी ओढल्यागत एकच का घेतलंय सारखं?”

“ते माणसांसाठी नाही, चाचा. ते शोधयंत्रासाठी आहे.”

“असं व्हय. मग माणसांसाठीचं कुठं हाय?”

मी हसलो. अडाणी प्रश्नाला तज्ज्ञ हसतो तसा हसलो, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो.

पण चाचांना हसायला परवडत नव्हतं. फोमच्या गाद्यांनी त्यांचा धंदा बसवला होता. मुलगा सिकंदर शंभर फुटी रस्त्यावरच्या एका फोमच्या शोरूममध्येच नोकरीला लागला होता. अथणीचा एक व्यापारी पिंजणयंत्र मागत होता. चाचांच्या वडिलांनी घेतलेलं ते यंत्र. सिकंदरनं बापाला सांगितलं होतं की ही एक लगीनसराई बघ, पाडव्यापर्यंत काम आलं नाही तर यंत्र देऊन टाकू. व्यापारी पाडव्यालाच टेम्पो घेऊन येणार होता. मी ब्लेझर घालून नऊशे चौदा सांगत होतो तेव्हा पाडवा पाच दिवसांवर आला होता.

“फोन किती आले?” मी वही काढली.

“तीन.”

“तीनशे?”

“तीन, साहेब. एक बाई म्हणाली, मालक लई घोरतात, काय उपाय हाय का. एक पोरगा कर्ज पायजे का म्हणून इचारत होता.”

घोरण्याचा फोन माझ्यामुळे आला होता. ‘नदाफ गादी कारखाना’ हे नाव मला गावठी वाटलं म्हणून मी ते ‘नदाफ स्लीप सोल्युशन्स’ केलं होतं. पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. पाटी बदलल्यावर दोन जुनी गिऱ्हाइकं चाचांनी दुकान विकलं असं समजून दारावरून परत गेली, हे मला नंतर कळलं.

“आणि तिसरा?”

“तिसरी एक बाईच व्हती. जुन्या गाद्या पिंजून मिळतील का म्हणाली. तुम्ही सांगितलं तसं बोललो, वेलकम टू नदाफ स्लीप सोल्युशन, हाऊ में आय हेल्प यू. मग म्हणालो, आम्ही फक्त नवीन प्रीमियम माल करतो.”

“बरोबर. पिंजणाची कामं घेतली की ब्रँड खाली येतो.”

“साहेब, माझ्या बापानं जलमभर पिंजणच केलं.”

“म्हणूनच तर आज ही वेळ आली, चाचा.”

हे वाक्य मी खरंच बोललो. चाचा दाढीतला कापूस काढत बसले. मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवला. रोज सकाळी नऊपासून अकरापर्यंत दर दहा मिनिटांनी एक, असे क्लिक. अकराला दिवसाची मर्यादा संपलेली. इतका सुबक आलेख मी पुण्यातही पाहिला नव्हता.

“याचा अर्थ सांगतो. सांगलीचा माणूस सकाळी उठला की त्याची पाठ दुखते. नऊच्या सुमाराला त्याला जाणीव होते की गादी बदलायला पाहिजे. म्हणून मी नऊ ते अकराची बोली दीडपट केली आहे.”

“पण संध्याकाळी मी शोधलं तर आपलं नाव दिसत न्हाई.”

“संध्याकाळी लोक गादीचा विचार करत नाहीत.”

“झोपायच्या वक्ताला?”

याही प्रश्नाला मी तसाच हसलो. चाचांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, ही सगळ्यात वाईट गोष्ट. निघताना म्हणाले, “माझंच काय तरी चुकतंय बघा. फोनवर ते इंग्रजी नीट येत न्हाई मला. पाच दिवस हाईत, आणि घोकतो.”

मीही त्यांना घोकाच म्हणालो.

आता आप्पांविषयी सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, पण त्यांच्या बोलण्यातून एसटी निवृत्त झाली नव्हती. पाहुण्यांनी भरलेल्या घराला ते ‘फुल गाडी’ म्हणायचे आणि जेवायला उशीर झाला की ‘लेट सुटली’. माझा धंदा त्यांना कळत नव्हता आणि तो समजावून सांगायचा मला कंटाळा होता. जानेवारीत पहिलं काम मिळालं त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं होतं, “आमच्यात गाडीला भारमान असतंय. सीटं किती भरली त्यावरनं कळतंय फेरी कशी झाली. तुझ्यात भारमान कशावर?”

“क्लिकवर,” मी भाकरी मोडत म्हणालो.

“म्हणजे?”

“लोकांनी चाचांच्या जाहिरातीवर बोट ठेवलं की झालं. जितकी बोटं तितकी गाडी भरली.”

“आणि न्हाई ठेवलं तर?”

“तर माझं काम गेलं. मग बसतो घरी.”

“बोट ठेवायचं कसं, दाखव बरं.”

मी माझा जुना मोबाइल त्यांना दिलेला होता. त्यावर ‘गादी सांगली’ असं शोधून दाखवलं, वरच्या ओळीतलं नदाफांचं नाव दाखवलं आणि आमटीकडे वळलो. बोटामागे पैसे कोणाचे जातात, हे सांगितलं नाही. एवढं खोलात कशाला, असं वाटलं. सगळं मिळून दोन मिनिटांचं बोलणं.

चाचांना भेटून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लेझर घालूनच जैन बस्तीत दर्शनाला जाऊन घरी आलो तर दाराला कुलूप. आई माहेरी गेलेली, किल्ली आप्पांकडे. आप्पा रोज नऊला एसटी स्टँडवर जाऊन बसतात हे माहीत होतं. निवृत्त मंडळींचा तिथे कट्टा आहे. गाड्यांच्या नंबरांवर आणि साहेबलोकांच्या बदल्यांवर गप्पा मारत असतील, असं मी धरून चाललो होतो.

स्टँडवर पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. मिरजेच्या फलाटाजवळच्या लांब बाकावर बाराजण ओळीने बसले होते, सगळे साठीच्या पुढचे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. आप्पा त्यांच्यासमोर उभे. हातात लग्नपत्रिकेची कोरी बाजू, तिच्यावर नावं आणि वेळा.

“नरुटे, नऊ वीस तुमची,” आप्पा म्हणाले. “तयारीत राहा.”

“शोधून ठेवलंय,” नरुटे म्हणाले. हे माजी ड्रायव्हर, आप्पांचे वीस वर्षांचे जोडीदार. आप्पांनी स्टँडच्या घड्याळाकडे पाहिलं, तोंडाजवळ हात नेला आणि बारीक शिट्टी मारली. नरुट्यांनी मोबाइलवर बोट टेकवलं.

“गेली,” ते म्हणाले.

“आत जाऊन फोटो बघा जरा. लगेच उतरायचं न्हाई, बरं दिसत न्हाई ते.” आप्पांनी पत्रिकेवर खूण केली. “पुढची नऊ तीस. एकदम सोडायच्या न्हाईत, दहा मिनिटांचं अंतर पायजे.”

मला समजायला जरा वेळ लागला. मग तो सुबक आलेख डोळ्यांसमोर आला. दर दहा मिनिटांनी एक. सांगलीकरांची दुखणारी पाठ या बाकावर बसली होती. अशी खोटी बोटं ओळखून बाजूला काढायला शोधयंत्राच्या कंपनीकडे मोठमोठी यंत्रं आहेत म्हणतात. पण बारा वेगवेगळे मोबाइल, बारा खरीखुरी माणसं आणि एसटीचं वेळापत्रक यांच्यात संशय घ्यायला त्यांना जागाच सापडली नसावी.

“आप्पा!”

आप्पा दचकले, मग खूश झाले. “आलास? बघ, आजपर्यंत एक दिवस फेरी चुकवली न्हाई. तुझं भारमान कसं हाय सांग की यांना.”

“रोज?” माझा आवाज चिरकला. “दोन महिने रोज?”

“रविवारी सुद्धा,” नरुटे म्हणाले. “तुमच्या वडिलांनी रजा मंजूर केली न्हाई कुणाची.”

“आप्पा, प्रत्येक बोटाला त्या चाचांचे पैसे जातात!”

तासगावची गाडी लागल्याचं कुणीतरी माइकवरून सांगत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

“म्हणजे?” आप्पा म्हणाले.

“म्हणजे तुम्ही बोट ठेवलं की चाचांच्या खिशातून पैसे गेले. तुम्ही अकरापर्यंत सगळे संपवता, मग दिवसभर खऱ्या गिऱ्हाइकाला चाचांचं नावच दिसत नाही. यंत्र विकायची वेळ आली आहे त्यांच्यावर, पाडव्याला!”

मी ओरडत होतो. लोक बघायला लागले. आप्पांनी हातातल्या पत्रिकेकडे पाहिलं, ती चार घड्या करून खिशात ठेवली आणि बाकाच्या कडेला बसले. एकतीस वर्षांत या माणसाने सख्ख्या मेव्हण्याला बिनतिकिटाचं बसू दिलं नव्हतं. जतच्या गाडीत मामाला खाली उतरवल्याची गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीत निघते.

“साठ दिवस,” आप्पा हळू आवाजात म्हणाले, “साठ दिवस मी फुकटे बसवत होतो व्हय त्या माणसाच्या गाडीत?”

बारापैकी एकाने मोबाइल बंद करून खिशात घातला, मग दुसऱ्याने. फक्त नरुटे अजून पडद्यावर बघत होते.

“सन्मती,” ते म्हणाले, “एक इचारायचं व्हतं. दोन महिने रोज बघतोय हे पान. हा माणूस जुनी गादी पिंजून देतो का?”

“का?”

“घरात चार हाईत. गोळे झाल्यात नुसते. पिंजणारा सापडत न्हाई गावात. ह्यात सगळं सर्वोत्तम सर्वोत्तम लिवलंय, पण पिंजतो का न्हाई ते कुठंच न्हाई.”

“माझ्याकडं सहा,” शेजारचा म्हणाला.

त्या वेळी मी फक्त चिडलो. मला गाद्यांची पडली नव्हती. चाचांना काय सांगायचं याची पडली होती.

रिक्षात मी उत्तर तयार केलं. चाचांना सांगायचं की हा परदेशी टोळ्यांचा प्रकार आहे, तिकडची यंत्रं असे खोटे क्लिक करतात, मोठमोठ्या कंपन्या यात फसतात. म्हणजे माझी चूक नाही, आप्पांचं नाव नाही आणि वर थोडा भाव. आप्पा शेजारी बसले होते. त्यांना घरी सोडणार होतो, पण ते उतरले नाहीत.

शेडमध्ये शिरलो तेव्हा चाचा यंत्राला तेल देत होते. “वेलकम टू नदाफ…” त्यांनी सवयीने सुरुवात केली आणि मला बघून थांबले. “बसा साहेब. हे कोण?”

“माझे वडील. चाचा, एक तांत्रिक अडचण सापडली आहे. परदेशातून काही यंत्रं…”

मी तीन-चार मिनिटं बोललो. चीनचं नाव घेतलं, रशियाचं घेतलं. चाचा तेलाची बुधली हातात धरून ऐकत होते.

“एवढ्या लांबनं?” ते म्हणाले. “माझ्या गादीच्या मागं?”

“जगभर होतं हे, चाचा. आपण त्याला काही करू शकत नाही.”

“असू दे मग. तुम्ही तरी काय करणार. तोंड बारीक करू नका साहेब, तुम्ही मेहनत केलीसा.”

ते माझी समजूत काढत होते. मी ती काढून घेत होतो. आयुष्यात पुष्कळदा लाज वाटली आहे, पण तेव्हा जी वाटायला हवी होती ती मला अजून वाटत नव्हती. सुटलो, एवढंच वाटत होतं.

“नदाफभाऊ,” आप्पा पहिल्यांदा बोलले. “परदेशातनं कोण आलं न्हाई. स्टँडवरनं आलंय सगळं. मी बसवलेत.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाक, बाराजण, शिट्टी, दहा मिनिटांचं अंतर. खिशातली पत्रिका काढून चाचांच्या हातात दिली. मी जमिनीकडे बघत होतो.

“आमच्यात बिनतिकिटाचा सापडला तर त्याला दंड होतोय,” आप्पा म्हणाले, “पण निलंबित कंडक्टरला करतात. इथं कंडक्टर मी हाय. पोरग्याचं काम राहावं म्हणून केलं. तुमचं जातंय हे ठाऊक नव्हतं. जे झालं असंल ते मी देणार, पेन्शन हाय मला.”

चाचांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. त्यांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होत नव्हता. मग खी खी असा आवाज आला. चाचा हसत होते. हसता हसता खोकायला लागले, खाली बसले.

“मगदूमसाहेब,” ते म्हणाले, आणि हे साहेब पहिल्यांदा माझ्यासाठी नव्हतं, “मी पण दाबतो.”

“काय?”

“रोज. शटर उघडलं की पयलं मोबाइलवर आपलं नाव काढायचं, त्याच्यावर बोट ठेवायचं, मग बोट डोळ्यांला लावायचं. भवानी म्हणून. दिवसाची सुरुवात चांगली व्हावी. ही पण घरातनं दाबते.” ते जरा थांबले. “सिकंदर बी दाबतो. शोरूममधनं, चोरून. मला बोलला न्हाई कधी. हिला सांगितलंय त्यानं.”

आप्पा आणि चाचा एकमेकांकडे बघून हसायला लागले. दोन म्हातारे, दोघांचेही डोळे भरलेले, आणि मध्ये मी ब्लेझर घालून उभा. आत्ता मला लाज वाटली, अगदी पायापासून वर. दोन महिने मी सकाळ-संध्याकाळ ते आकडे बघत होतो, आलेख काढत होतो, त्यावर सिद्धान्त मांडत होतो. ही बोटं आहेत कुणाची, हे एकदाही विचारलं नव्हतं. नऊशे चौदांतली जवळपास सगळी आमच्याच माणसांची होती, आमचं भलं व्हावं म्हणून टेकलेली.

“म्हणजे खरं गिऱ्हाईक एकच,” मी म्हणालो. “पिंजण विचारणारी बाई. आणि तिला मी नाही म्हणायला लावलं.”

मग नरुट्यांच्या चार गाद्या आठवल्या, शेजारच्याच्या सहा आठवल्या, आणि माझ्या डोक्यात, दोन महिने उशिरा का होईना, काहीतरी उतरलं.

“चाचा, त्या बाईंचा नंबर आहे?”

“हाय की मोबाइलात.”

“फोन लावा. आणि इंग्रजी बोलू नका.”

चाचांनी फोन लावला. “मी दस्तगीर नदाफ बोलतोय, गादीवाला. ताई, तुम्ही जुन्या गाद्यांचं इचारलं व्हतं… व्हय, पिंजून देतो की. तवा जरा… तवा आमचं डोकं ठिकाणावर नव्हतं. किती हाईत?” ते ऐकत राहिले. मग फोन ठेवला.

“मुलींचं वसतिगृह हाय मिरजेत,” ते म्हणाले. “साठ गाद्या. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत पायजेत.”

त्या दिवशी मी ब्लेझर काढून तिथेच तरटावर बसलो आणि पान पुन्हा लिहिलं. एक्केचाळीस वेळा सर्वोत्तम होतं ते सगळं पुसलं. चाचा सांगतील तसं लिहिलं: जुनी गादी पिंजून मिळेल, खोळ बदलून मिळेल, घरी येऊन नेतो, दुसऱ्या दिवशी देतो. ‘गादी’वरची बोली काढून टाकली. तिथे फोमवाल्या मोठ्या शोरूमशी झुंजण्यात अर्थच नव्हता. ‘जुनी गादी पिंजणारे’ या शब्दांवर बोली लावली, तर समोर कुणीच नव्हतं. सगळे नवं विकायला बसलेले, जुन्याला विचारणारा कुणी नाही. अगदी थोड्या पैशांत नाव वर आलं आणि संध्याकाळीही दिसायला लागलं. झोपायच्या वक्ताला.

पाडव्याला अथणीचा व्यापारी टेम्पो घेऊन आला तेव्हा यंत्र चालू होतं. नरुट्यांच्या गाद्या पिंजून निघत होत्या, आप्पा दाराशी उभे राहून बाकीच्या कट्ट्याला नंबराने आत सोडत होते. सिकंदर सुट्टी टाकून आला होता. व्यापाऱ्याने चहा घेतला, यंत्राकडे एकदा पाहिलं आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. ते यंत्र पुढे सहा वर्षं चाललं. शेवटी चाचांनी स्वतःच्या मर्जीने, खोकला वाढल्यावर, बंद केलं. पाटी मात्र त्याच आठवड्यात परत ‘नदाफ गादी कारखाना’ झाली होती. रंग मी आणला.

पान पुन्हा लिहिलं त्या दिवशी शेडमधून घरी चालत येताना मी आप्पांना सगळं समजावून सांगितलं. वरच्या ओळी बोलीच्या, त्यांच्यावर बोट ठेवलं की कुणाचे तरी पैसे जातात. खालच्या साध्या, तिथे फुकट.

“एवढंच?” आप्पा म्हणाले. “हे त्या दिवशी जेवताना सांगायला काय झालं व्हतं?”



आता माझी स्वतःची कंपनी आहे, आठ माणसं कामाला आहेत आणि आमचीही जाहिरात चालते. आप्पा पंच्याहत्तरीला टेकले आहेत, पण स्टँड सुटलेला नाही. रोज सकाळी नऊ वीसला आमच्या पानावर सांगलीतून एकजण येतो. खालच्या, फुकटच्या ओळीवरून. आत येतो, फोटो बघतो, जरा वेळ थांबतो, कारण लगेच उतरलं तर बरं दिसत नाही. महिन्याच्या अहवालातून मी तो एक आकडा वजा करतो आणि कुणाला त्याचं कारण सांगत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला.

“सन्मती,” आप्पांचा आवाज घाबरलेला होता. “अरं, डोळ्यांला नीट दिसलं न्हाई. चुकून वरच्यावर बोट पडलं माझं.”

“असू दे, आप्पा.”

“असू दे कसं? किती झालं सांग. घरी आलास की देतो. माझ्या नावचं तिकीट फाड.”